अकरा अखंड पानं

फुलपाखरांना बोलवावं लागतं हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी समजत होते की ती आपली आपण येतात, डासांसारखी. पण दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला माझा धाकटा भाऊ आणि भावजय पुण्याहून आले, आणि भावजयीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरून जाहीर केलं, "ताई, आपल्या अंगणात बटरफ्लाय गार्डन करायचं."

मोबाईलमध्ये एक बाई मातीत हात कसा घालायचा ते शिकवत होती. तिच्या स्वतःच्या नखात मातीचा कण नव्हता. शरदात अमुक फुलं लावा, गडद रंग निवडा, बशीत ओली माती ठेवा, मग बघा, पाहुणे कसे येतात ते. पाहुणे म्हणजे फुलपाखरं. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुण्यांना निदान चहा तरी देतात, ही बाई चिखल देऊन राहिली.

आमचं घर आखाडा बाळापूरला, नांदेडच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. आश्विनात इथं सोयाबीनची मळणी जोरात असते. भुसा इतका उडतो की दोरीवरचा परकर झटकला तर ओंजळभर निघेल. अशा हवेत भावजयीनं येताना नांदेडच्या नर्सरीतून गाडीच्या डिकीत भरून रोपं आणली होती. पिटुनिया, डेलिया, बुटका झेंडू आणि आणखी दोन-चार, ज्यांची नावं रोपवाल्यालाही नीट येत नसावीत, कारण त्यानं कुंडीवर नुसतं 'फॅन्सी' लिहिलं होतं. नवं कोरं खुरपं, फुलाफुलांचे हातमोजे, डोक्याला हॅट. आमच्या आळीतल्या बाया फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं शूटिंग आहे.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. माझ्यासमोर कुणी अर्धवट शहाणपण पाजळलं की माझ्या अंगाची लाही होते, आणि लाही फुटली की ती तोंडातूनच बाहेर येते. दोन दिवस मी टोमणे मारून घेतले. फुलपाखरं म्हणजे काय तुझ्या भिशीतल्या मैत्रिणी आहेत का, नटूनथटून बसलं की येतील? त्यांना काय पुण्याहून रिझर्वेशन करून आणणार? भावजय हसत राहिली. मला तिचं हसणंही आवडलं नाही. दसऱ्याच्या दिवशी सकाळी ती शेवटचं रोप लावत होती, तेव्हा मी म्हणाले, "आईला दोन वर्षं झाली नीट दिसत नाही. तिचे डोळे बघायला तुला सवड झाली नाही, फुलपाखरं बघायला बरी झाली."

ती हसायची थांबली. हातमोजे काढले, नळावर हात धुतले आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. भावानं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. संध्याकाळी सोनं वाटायलाही ते थांबले नाहीत. आपट्याची पानं ताटात तशीच राहिली.

आई एरवीही बोलतच नाही, आमच्या घरात दोघींचं मीच बोलून टाकते. तिनं फक्त गाडी वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत हात हलवला. वळण कुठं आहे तेही तिला धड दिसत नव्हतं. गाडी गेल्यावरही बराच वेळ ती हात हलवत होती, शेवटी मीच तिला आत आणलं.

त्यानंतर भाऊ आला नाही. त्या दिवाळीला आला नाही आणि पुढच्याही नाही. फोन करायचा तो आईच्या मोबाईलवर, आणि मी उचलला तर म्हणायचा, "आईला दे."

मी त्या रोपांना पाणी घातलं, उगाच खोटं कशाला बोलू. रोपांनी काय घोडं मारलं होतं? दिवाळीपर्यंत ती फुलली, तोवर एक सोडून दुसरं फुलपाखरू तिकडे फिरकलं नाही. जे आलं ते झेंडूवर बसलं, सोंड इकडे खुपसली, तिकडे खुपसली आणि निघून गेलं. त्या झेंडूत पाकळ्यांवर पाकळ्या इतक्या ठासल्या होत्या की मधाला वाटच नव्हती. अगदी आमच्या गावातल्या लग्नपत्रिकेसारखं, नुसती प्रेषकांची नावं, लग्न कुठं आहे ते सापडत नाही. मला फार आनंद झाला. तो आनंद कुणाला सांगायला नव्हता, म्हणून आईला सांगितला. आई म्हणाली, "सुकून चाललं का गं ते लाल फूल? तिनं हौशीनं लावलं व्हतं."

ज्यांना खरोखर फुलपाखरं हवीत त्यांनी मोबाईल बंद करून माझ्या अंगणाचा मागचा कोपरा बघावा. तिथं मी काहीही लावलेलं नाही. तिथं कंबरमोडी आहे, जी दगडातूनही उगवते आणि जिला लोक पायदळी तुडवतात. दांडीच्या टोकाला पिवळट पांढरं एवढंसं फूल, पण सकाळी दहा वाजता बघा, त्याच्यावर फुलपाखरांची रांग असते. तिथं घाणेरी आहे. काय नाव ठेवलंय! शरदात हिच्याइतकी देखणी, केशरी आणि गुलाबी एकाच गुच्छात फुलणारी दुसरी बाई या जिल्ह्यात नाही, आणि आम्ही तिला घाणेरी म्हणतो. आणि तिथंच, फुटक्या पाण्याच्या टाकीला टेकून, रुईचं झाड आहे.

रुई मी लावली नाही, ती आली. ती आल्यापासून आमच्या शेजारच्या काकांच्या पोटात दुखतं. काकांना चाळीस एकर आहे आणि प्रत्येक विषयावर मत आहे. "दारात रुई म्हंजी घर उजाड, बाई. तोडून टाका," असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, काका, घरात दोघीच जणी आहोत, अजून किती उजाड व्हायचंय? मग त्यांनी रुईवरच्या अळ्या बघितल्या आणि त्यांचा जीव कासावीस झाला. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळी शिंगं असलेल्या अळ्या. "कापसाचं औषध उरलंय, पंप मारून देतो." आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. सगळी फवारणी होते, सगळं औषध पिकाला, आणि मग आळीभर हीच माणसं मोबाईलवर फुलपाखरांचे फोटो 'शुभ सकाळ' म्हणून एकमेकांना पाठवतात. अळी दिसली की पंप आणि फुलपाखरू दिसलं की शुभ सकाळ. मधला धडा कुणी वाचलाच नाही.

तो धडा मी शिकवत होते. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. फळ्यावर चार आकृत्या, बाणांनी जोडलेल्या. नावं दिली नाहीत तर मी अर्धा गुण कापायची. आता सांगायला लाज वाटत नाही, तीस वर्षांत मी स्वतः एकही कोष बघितला नव्हता. तक्त्यावरचं बघून शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा या रुईच्या पानामागे तो हिरवा, पाणीदार, सोनेरी ठिपक्यांचा कोष लटकलेला दिसला, तेव्हा मी तिथंच उकिडवी बसले आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या. तक्त्यावर तो तपकिरी होता. तीस वर्षं मी पोरांना तपकिरी रंग द्यायला लावला.

त्यातून निघणारं फुलपाखरू नारिंगी, काळ्या किनारीचं. पुस्तकात त्याला रुईकर म्हणतात, आडनावासारखं. अंडी रुईवर, खाणं रुईवर, कोषही बहुतेक रुईवर. बाकी गाव त्याला औषध घालणार. तेव्हा हे एक झाड माझं, असं मी ठरवून टाकलं.

पण ते झाड माझ्या एकटीचं नव्हतं. भावजय रागावून गेली त्याच आठवड्यात आईनं शनिवार धरले. एकशे आठ शनिवार, मारुतीला रुईच्या अकरा पानांची माळ. कशासाठी, ते विचारलं तर म्हणाली, "नवस सांगत नसतेत. सांगितला की गेला." मी गृहीत धरलं की गुडघ्यांसाठी असेल, नाहीतर डोळ्यांसाठी. डोळ्यांसाठी मारुतीला माळ, आणि डॉक्टर नांदेडला रिकामे बसलेत, असं मी बोलले. एकदा नव्हे, बऱ्याच शनिवारी बोलले.

मोजायला तिनं बिस्किटाच्या जुन्या डब्यात एकशे आठ चिंचोके भरून ठेवले होते. देवळातून आली की एक काढून दुसऱ्या डब्यात टाकायची. टाकताना आवाज व्हायचा तो ऐकायची.

नवसाची अट एकच होती. पानं अखंड हवीत. भोक नको, कड कुरतडलेली नको, डाग नको. "देवाला किडकं चालत न्हाई," आई म्हणायची. आता यात घोळ लक्षात घ्या. झाड एक. मारुतीला हवीत कोवळी, टवटवीत, अखंड पानं. अळ्यांनाही नेमकी तीच हवीत. गावात दुसरी रुई होती, स्मशानाच्या वाटेला रांगेनं होती, पण तिकडची पानं आईला चालत नव्हती. घरच्या झाडाचीच हवीत.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायचा, म्हणून पानं तोडायचं काम मी आईकडून काढून घेतलं. सुई तिला दिसत नव्हती, म्हणून माळ ओवायचंही. म्हणजे झाडापासून दोऱ्यापर्यंत सगळा कारभार माझ्या हातात. पहिल्या दोन शनिवारी मी अखंड पानं तोडली. तिसऱ्या शनिवारी चांगल्या पानाखाली अंडी दिसली, पांढरे बारीक ठिपके. मी हात मागे घेतला. शेजारी अळ्यांनी खाऊन टाकलेली पानं होती, अर्धी, भोकाभोकाची. त्यांना आता कुणी खाणार नव्हतं. मी तीच तोडली. चांगलं पान अळीला, उष्टं मारुतीला. पानं एकावर एक दाबून ओवली की भोकं झाकली जातात, हे मला एका माळेत जमलं.

आईनं विचारलं, "अखंड हायेत ना गं?"

"व्हय, अखंड हायेत," मी म्हटलं.

मनात म्हटलं, दगडाला काय कळतंय. शेंदराच्या थराखाली त्याला स्वतःचे डोळे उरले नाहीत, तो पानं काय तपासणार? आणि गुरव तर माळ हातात घेताना मोबाईलवरच बोलत असतो. बायांनी उंबऱ्याच्या आत जायचं नाही, म्हणून आई बाहेरून माळ द्यायची, तो तिकडे न बघताच देवाच्या गळ्यात टाकायचा. आई हात जोडून डोळे मिटायची. मिटायची गरज नव्हती तरी मिटायची.

हे मी दोन वर्षं केलं. दर शनिवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. एकदाही जीभ अडखळली नाही. उलट घरी आल्यावर कोपऱ्यात जाऊन मी कोष मोजायची, आणि मला वाटायचं की या गावात शहाणं काम करणारी मी एकटीच आहे.

डोळ्याच्या ऑपरेशनचा हट्टही माझाच. आई तयार नव्हती. "नवस पुरा होऊ दे, मंग बघू," म्हणायची. मी तिला इतकं टोचून बोलले की शेवटी ती यंदा भाद्रपदात नांदेडला यायला तयार झाली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मला तिला फुलपाखरं दाखवायची होती, हे खरं आहे. त्याहून खरं म्हणजे, भावजयीच्या रोपांवर एक टिकलं नाही आणि माझ्या घाणेरीवर वीस येतात, हे बघायला मला एक साक्षीदार हवा होता.

दसरा झाला. पट्टी सुटली होती, काळा चष्माही नुकताच सुटला होता. डब्यात चार चिंचोके उरले होते. भाऊ दिवाळीला येणार की नाही ते ठरलेलं नव्हतं. आई मात्र रोज फोनकडे बघत होती. आता तिला त्यावरची अक्षरंही दिसत होती. त्या शनिवारी सकाळी मी एक पिशवी हाताला गुंडाळून, दुसरी पानांसाठी घेऊन निघाले, तर ती मागोमाग आली.

"मलाबी दाव की तुझे फुलपाखरं. रोज सांगून राहिली."

मी तिला कोपऱ्यात नेलं. ऊन चांगलं तापलं होतं. घाणेरीवर रुईकर होते, सहा-सात तरी. एक कंबरमोडीवर बसून पंख उघडमीट करत होतं. आई थांबली. पदर तोंडावर धरून बघत राहिली. तिनं कित्येक वर्षांत रंग असा धड बघितला नव्हता.

"काय माय!" ती म्हणाली. "जाईच्या कळीएवढे ठिपके हायेत गं पंखावर. आन् मला वाटायचं तू उगीच तोंड वाजवून राहिली."

माझी छाती फुगली. मी धडा सुरू केला. अंडी कशी, अळी कशी. पान उलटून तिला अळी दाखवली, कोष दाखवला. तिनं एक पान हातात धरून उन्हाकडे केलं. पानाच्या भोकांतून तिच्या चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडले.

"लई खाल्लंय गं. कवापासून हायेत ह्या अळ्या?"

आणि मी, तीस वर्षं पोरांच्या चुका पकडणारी बाई, फुशारकीनं म्हणाले, "दोन वर्षं झाली. अख्ख्या झाडाला एक पान धड ठेवलं न्हाई त्यांनी. खाऊन खाऊन सत्यानाश."

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच. बोलून झाल्यावर मला ऐकू आलं.

आईनं झाडाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं, बाजारात भाजी बघतात तसं. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. तिच्यात मी धडा देता देता सवयीनं पाच पानं टाकली होती. तिनं हात घालून एक काढलं. अर्ध्यापर्यंत खाल्लेलं होतं.

"मंग माळंला अखंड पानं कुठून आणत व्हती?"

मला पुष्कळ उत्तरं सुचली. मारुती म्हणजे दगड, गुरव मोबाईलवर, सृष्टीचं चक्र, अळीचा जीव. एरवी ही सगळी उत्तरं मी भर चौकात दिली असती.

"आणत नव्हते," मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. ती घरात गेली. मी मागे गेले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि दोन्ही डबे तिच्या पुढ्यात होते. एकात चार चिंचोके, दुसऱ्यात एकशे चार. तिनं दुसरा डबा पहिल्यात पालथा केला. मोठा आवाज झाला. वाटोळे, गुळगुळीत झालेले चिंचोके, दोन वर्षं हाताळलेले. दोन फरशीवर घरंगळले, ते तिनं बरोबर शोधून परत टाकले.

"फिरून पयल्यापासून धरते," ती म्हणाली. "आता दिसतंय. पानं माझी मी तोडीन, हाताला पिशवी बांधून. तुझ्या अळ्यांना हात लावणार न्हाई. त्या खाणार त्या खाऊ दे, अकरा मला बी मिळतील."

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. एकशे आठ शनिवार म्हणजे आणखी दोन वर्षं. मी हिशोब करत उभी होते आणि मला स्वतःची किळस आली.

"गुडघ्यासाठी धरलाय ना?" मी विचारलं. "आपण डॉक्टरला दाखवू गुडघे. मी यावेळी काही बोलणार नाही. पण आता परत नको गं."

"गुडघ्याला काय झालंय?" ती म्हणाली. डब्याचं झाकण लावलं, आणि थोडा वेळ हात झाकणावरच ठेवला. "सांगत नसतेत. पण आता काय, मोडलेलाच हाय तो. सांगितला काय न सांगितला काय."

तिनं डबा कडेला सरकवला.

"तुझ्या जिभंसाठी धरला व्हता, बाई. जरा गोड व्हावी म्हणून. म्हणलं, जीभ गोड झाली की लेकरू दिवाळीला घरी येईल." मग तिनं माझ्याकडे त्या नव्या, स्वच्छ डोळ्यानं बघितलं. "दोन वर्षं मी मारुतीलाच बोल लावून राहिले व्हते, की बाबा, माझं काहून ऐकून न्हाई राहिला."